एकाच गावचे मणी, कार्डावर देश मात्र वेगवेगळे

प्रश्न असा आहे: आजीच्या शिवणाच्या डब्यात मण्यांची आणि काचेच्या बटणांची तीन जुनी कार्डं सापडली. एकावर ऑस्ट्रिया छापलंय, दुसऱ्यावर चेकोस्लोव्हाकिया, तिसऱ्यावर वेस्ट जर्मनी. माल मात्र एकाच हातचा वाटतो. हे कसं काय? आणि राजकारणात अशी उलथापालथ झाली की काचेचे पारंपरिक धंदे मरतात की टिकतात?

मी मण्यांचा होलसेल धंदा करते, भुलेश्वरच्या बाजारात बरीच वर्षं गेली, चेक माल सुरुवातीपासून हाताळलाय आणि तिकडे जाऊनही आलेय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी सरळ सांगून टाकते. तिन्ही कार्डांवरचा माल एकाच गावच्या लोकांनी केलेला असू शकतो. आज त्या गावाचं नाव याब्लोनेत्स, चेक रिपब्लिकच्या उत्तरेला, यिझेरा डोंगरांच्या पायथ्याशी. जुनं जर्मन नाव गाब्लोन्त्स. हा भाग १९१८ पर्यंत ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात, मग चेकोस्लोव्हाकियात, १९३८ ते ४५ हिटलरच्या जर्मनीत, मग परत चेकोस्लोव्हाकियात, १९४८ पासून कम्युनिस्टांच्या ताब्यात, १९८९ ला मोकळा आणि १९९३ पासून चेक रिपब्लिक. आणि १९४५ नंतर या गावातली बहुतेक माणसंच उचलून दुसरीकडे टाकली गेली, म्हणून वेस्ट जर्मनीचं कार्ड.

कार्डावरून काळ ठरवायचा असेल तर थोडं सांभाळून. अमेरिकेने १८९० च्या टॅरिफ कायद्याने मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं, तेव्हापासून कार्डांवर हे छापलेलं दिसायला लागतं. ‘ऑस्ट्रिया’ म्हणजे १९१८ आधीचं असं लोक बिनधास्त सांगतात, पण गाब्लोन्त्सची काही मंडळी १९४५ नंतर अप्पर ऑस्ट्रियात एन्स गावाच्या आसपास जाऊन बसली आणि त्यांनीही तोच धंदा सुरू केला, तेव्हा ऑस्ट्रियाचं कार्ड १९५० च्या दशकातलंही निघू शकतं. मण्यावर इंद्रधनुषी झाक असेल, ज्याला आपण बाजारात एबी म्हणतो, तर तो १९५० च्या दशकाच्या मध्याच्या अलीकडचाच, कारण ते कोटिंग ऑस्ट्रियाच्या स्वारोव्स्की कंपनीने १९५६ च्या सुमारास आणलं. ‘वेस्ट जर्मनी’ मात्र सोपं, १९४९ ते १९९०. आणि ‘चेकोस्लोव्हाकिया’चा काळ एवढा लांबलचक आहे की नुसत्या त्या शब्दावर मी कधी भाव ठरवत नाही.

आता मूळ मुद्दा. राजवट बदलली की धंद्याचं नक्की काय बिघडतं? लोकांना वाटतं भट्ट्या फुटतात, कारखाने जळतात. याब्लोनेत्समध्ये भट्ट्या जवळपास सगळ्या जागेवर होत्या, साचे जागेवर होते, काचसुद्धा होती. तुटला तो ऑर्डर आणणारा माणूस आणि माल करणारा माणूस यांच्यातला दोरा. जेव्हा जेव्हा तुटला तेव्हा वेगळ्या जागी तुटला. मी स्वतः व्यापारी आहे म्हणून मला व्यापाऱ्याची बाजू जास्त दिसते हे मान्य, पण बघा पटतंय का.

हा धंदा एका मोठ्या कारखान्यात कधीच नव्हता. मोठे काचकारखाने फक्त कच्चा माल करायचे, म्हणजे रंगीत काचेच्या लांब कांड्या. त्यातलं सगळ्यात मोठं घराणं रीडेलांचं, थोरल्या योझेफ रीडेलला तर त्या डोंगरांचा काचसम्राट म्हणायचे. या कांड्या गावोगावच्या छोट्या शेडमध्ये जायच्या, तिथे मणी दाबले जायचे. ते मणी पुढे घासणाऱ्याकडे, मग पैलू पाडणाऱ्याकडे, मग रंग-सोनं चढवणाऱ्याकडे, शेवटी घरोघरच्या बायका-पोरं ते दोऱ्यात ओवायची. मध्ये एक माल पुरवणारा मुकादम असायचा, जर्मनमध्ये लिफरांट, तो सगळं गोळा करून गावातल्या निर्यातदाराच्या पेढीवर आणून द्यायचा. सोलापूरला विडीचा कारखानदार पानं-तंबाखू घरी पाठवतो आणि बायका विड्या वळून परत नेऊन देतात, साधारण तशीच रचना, फक्त इथे हात सात-आठ आणि गिऱ्हाईक जगभर. निर्यातदाराला माहीत असायचं की पश्चिम आफ्रिकेत कुठल्या किनाऱ्याला कुठला रंग चालतो, तुर्कस्तानात कुठला, मुंबईत कुठला. दाबणाऱ्याला यातलं काही माहीत नसायचं. त्याला सॅम्पल यायचं, तो दाबून द्यायचा.

दाबकाम बघितल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही म्हणून ते सांगते. शेड बारकी, ओढ्याच्या कडेला, एक धुराडं. आत छोटी भट्टी आणि तिच्या तोंडाशी माणूस बसलेला. कांड्यांची टोकं भट्टीत लालबुंद होत असतात, एक वापरायला घेतली की दुसरी तापत असते, त्याचा हात न बघता बरोबर तयार झालेल्या कांडीवरच जातो. टोक मऊ मधासारखं लोंबायला लागलं की ते साच्याच्या चिमट्यात धरायचं आणि पायाने किंवा हाताने दाबायचं, त्याच दाबात सुई आत जाते आणि भोक पडतं. बाहेर येते ती मण्यांची एक पट्टी, मणी एकमेकांना पातळ काचेच्या पापुद्र्याने चिकटलेले. थंड झालं की तो पापुद्रा मोडायचा, मणी पिंपात घालून पाण्या-वाळूबरोबर फिरवायचे म्हणजे कडा गुळगुळीत होतात. पैलू पाडलेला मणी परत हलका तापवतात, त्याची वरची कातडी जराशी वितळते आणि चमक येते, त्यालाच बाजारात फायर पॉलिश म्हणतात. हिशोब डझनाच्या पटीत, १२०० मण्यांचा एक ‘मास’, आजही चेक बिलावर तसाच येतो. जुना दाबलेला मणी हातात घेऊन नखाने चाचपला तर कमरेला बारीक शिवण लागते, ती साच्याच्या दोन फाळ्यांची. कितीही घासलं तरी भोकाजवळ ती थोडी राहतेच.

यात कौशल्य कशात आहे? साच्यात थोडंफार, पण खरं कौशल्य कांडी किती तापली हे डोळ्याने ओळखण्यात. लाल रंगाची काच वेगळी वागते, ओपल वेगळी, काळी वेगळी. हे कागदावर लिहून देता येत नाही. बापाकडून पोराला नाहीतर शेजाऱ्याकडून शेजाऱ्याला जातं. १९४५ नंतर जे झालं ते या एका गोष्टीमुळे एवढं जिव्हारी लागलं.

पण त्याआधी आपल्या बांगड्यांकडे येते. पहिल्या महायुद्धाआधी हिंदुस्थानात येणाऱ्या काचेच्या बांगड्यांचा मोठा वाटा ऑस्ट्रिया-हंगेरीतून यायचा आणि त्यात गाब्लोन्त्सच्या आसपासच्या खेड्यांचा हात मोठा होता. आपली कासारीण दारात टोपली घेऊन बसायची आणि त्यातला झकपक माल परदेशी असायचा. स्वदेशीच्या चळवळीत विलायती कापडाबरोबर परदेशी बांगड्याही सोडायला लोकांनी सांगायला सुरुवात केली. इकडे आपल्याकडे अंताजी दामोदर काळ्यांनी पैसा फंड काढलेला, माणशी वर्षाला एक पैसा, टिळकांनी तो उचलून धरला आणि त्यातून १९०८ ला तळेगाव दाभाड्याला काच कारखाना उभा राहिला. तिथे शिकलेली माणसं पुढे देशभरच्या काचकारखान्यांत गेली. नंतर १९१६ ला कऱ्हाडजवळ ओगल्यांचा कारखाना, ज्यांचा प्रभाकर कंदील सगळ्यांच्या घरी होता. हे सगळं बरोबरच, पण ऑस्ट्रियाच्या बांगड्यांचं आपल्याकडचं मार्केट खरं हललं ते १९१४ ला, युद्धामुळे. ब्रिटिश हिंदुस्थानाच्या दृष्टीने ऑस्ट्रिया एका झटक्यात शत्रू देश झाला, माल यायचा बंद. ती जागा जपानी मालाने आणि फिरोझाबादने घेतली. युद्ध संपल्यावर गाब्लोन्त्सवाले परत आले खरे, पण तोवर फिरोझाबादच्या भट्ट्यांना सवय लागली होती आणि जपानी माल स्वस्त पडत होता. म्हणजे तिकडच्या एका खेड्यातल्या बांगडीवाल्याचं पोट, जिच्यामुळे ते युद्ध पेटलं त्या सारायेव्होतल्या गोळीने मारलं आणि इकडे फिरोझाबादमध्ये कुणाचं तरी घर उभं राहिलं. गुजरातीत काय आणि मराठीत काय, धंद्यात याला नशीब म्हणतात.

१९१८ ला साम्राज्य मोडलं. गाब्लोन्त्सचे जर्मन भाषिक लोक या नव्या चेकोस्लोव्हाकियात यायला अजिबात खूश नव्हते, त्यांना व्हिएन्नाशी राहायचं होतं. पण गंमत बघा, धंद्याचं फारसं बिघडलं नाही. कारण गिऱ्हाईक व्हिएन्नाचं नव्हतंच, ते न्यूयॉर्क, लंडन, कैरो, मुंबईचं होतं, आणि निर्यातदार जागेवर होते. उलट १९२० चं दशक म्हणजे त्यांचा सुवर्णकाळ. १९२२ ला तुतनखामेनची कबर सापडली आणि जगाला इजिप्तचं वेड लागलं, गाब्लोन्त्सने लगेच काचेचे किडे, फॅरो म्हणजे तिथल्या राजांचे मुखवटे, निळे-हिरवे हार काढायला घेतले. त्यात नायगर बंधू, माक्स आणि नोर्बर्ट, यांचं काम आज संग्राहक शोधत फिरतात. मला विचाराल तर गाब्लोन्त्समधून निघालेल्या दागिन्यांत त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही, बारीक पितळी काम आणि त्यात दाबलेली काच इतकी बरोबर बसवलेली की खरा खडा फिका वाटावा.

मग १९२९ ची मंदी, आणि चैनीच्या वस्तूंना पहिला मार बसतो तसा यांना बसला. बेकारी वाढली. जर्मन भाषिक डोंगराळ पट्ट्यात उपासमार, प्रागचं सरकार आपल्याकडे बघत नाही हा राग, आणि त्या रागावर जर्मन राष्ट्रवादी कोनराड हेनलाइनचा पक्ष फोफावला. हेनलाइन याब्लोनेत्सच्या अगदी जवळच्या व्रातिस्लाविसे गावात जन्मलेला, पेशाने व्यायामशिक्षक. १९३५ च्या निवडणुकीत जर्मन मतांचा मोठा गठ्ठा त्याला मिळाला. इथे एक गोष्ट लोक विसरतात, ज्या राजकारणाने पुढे या धंद्याची वाट लावली त्याला मतं याच धंद्यातल्या लोकांनी घातली होती. सगळ्यांनी नाही, पण बऱ्याच जणांनी.

सप्टेंबर १९३८ अखेर म्युनिक करार, ऑक्टोबरमध्ये सुडेटनलँड, म्हणजे गाब्लोन्त्ससकट हा जर्मन भाषिक सीमेचा पट्टा, जर्मनीत. निर्यातदारांमध्ये ज्यू बरेच होते, त्यांना पळावं लागलं, पेढ्या गेल्या. नोव्हेंबरमध्ये गावातलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, जाळलं. नायगर बंधू पुढे नाझींच्या छळछावणीत मारले गेले. आणि त्याच वेळी जर्मन मालावर बहिष्कार घालणारं पश्चिमेचं गिऱ्हाईक आता गाब्लोन्त्सच्या मालावरही घालायला लागलं, कारण कार्डावर आता जर्मनी. म्हणजे दोऱ्याचं एक टोक तुटलं. शेडमध्ये कांड्या आहेत, साचे आहेत, दाबणारा माणूस आहे, पण सॅम्पल कोण देणार आणि माल कुणाला जाणार? युद्ध सुरू झाल्यावर दागिन्यांचं काम आवळलं गेलं आणि धातूकामवाल्यांना बिल्ले, पदकं, लष्करी चिन्हं करायला लावलं. काचवाले सुद्धा नाझींच्या हिवाळी मदतनिधीच्या वर्गणीसाठी वाटायचे छोटे काचेचे बिल्ले करत होते. ते बिल्ले आजही लिलावात दिसतात, मी कधी घेतले नाहीत, घेणारही नाही.

१९४५. युद्ध संपलं आणि उलटा फेरा सुरू झाला. अध्यक्ष बेनेशच्या हुकूमनाम्यांनी जर्मनांचं नागरिकत्व गेलं, मालमत्ता जप्त झाली, मोठे कारखाने सरकारजमा झाले. पूर्ण देशातून तीसेक लाख जर्मन हाकलले गेले, याब्लोनेत्सचा पट्टा जवळपास रिकामा झाला. थोडकं सामान, दंडाला पांढरी पट्टी, आणि मालगाडी. नाझींनी त्या देशात जे केलं त्यानंतर चेक लोकांचा राग समजू शकतो, पण हाकललेल्यांत हिटलरला मत दिलेलेही होते, न दिलेलेही होते आणि ज्यांना मताचा हक्कही नव्हता अशी पोरंही होती. रिकाम्या घरांत आतल्या भागातून नवे लोक आले, काही खरोखर काम करायला, काही लुटायला. अशा लुटायला आलेल्यांना चेक लोकच ‘सोनं खणणारे’ म्हणायचे.

आता सरकारच्या हातात शेड आल्या, भट्ट्या आल्या, साच्यांचे ढीग आले. आणि कांडी किती तापली हे ओळखणारा माणूस गेला. सरकारला हे लवकरच कळलं, म्हणून काही कारागिरांना ‘तज्ज्ञ’ म्हणून दाखले देऊन कुटुंबासकट थांबवून घेतलं, कधी त्यांच्या मनाविरुद्ध. त्यांनी नव्या चेक पोरांना शिकवलं. आज तिथे मणी दाबणारे जे म्हातारे भेटतात त्यांच्यातल्या कुणाच्या बापाचं नाव जर्मन असतं आणि पोराचं चेक. वाल्टर रीडेलला तर सोव्हिएत रशियाने उचलून नेलं, काचेच्या संशोधनाला लावलं, तो १९५५ ला सुटला. घराण्याची सगळी काचघरं गेलेली. मग स्वारोव्स्कींनी हात दिला आणि १९५६ ला ऑस्ट्रियात कुफश्टाइनला रीडेल नव्याने सुरू झाले, आज त्यांचे वाइन ग्लास जगभर आहेत. हे स्वारोव्स्की सुद्धा मूळचे याच डोंगरातले बरं का. डॅनियल स्वारोव्स्कीने १८९२ ला खडे कापायच्या मशीनचं पेटंट घेतलं आणि शेजाऱ्यांनी कॉपी मारू नये म्हणून १८९५ ला सरळ ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये वाटेन्सला निघून गेला. त्याने राजकारणाच्या पन्नास वर्षं आधी धंद्याच्या भीतीने गाव सोडलं, आणि त्यामुळेच त्याचं घराणं वाचलं.

हाकललेल्यांपैकी एक मोठा गट बव्हेरियात काउफबॉयरनजवळ जमला. तिथे युद्धातला स्फोटकांचा कारखाना होता, अमेरिकनांनी तो उडवून दिलेला, झाडीत फुटके बंकर पडलेले. एरिख हुश्का नावाच्या गाब्लोन्त्सच्याच इंजिनिअरने ती जागा मिळवली आणि म्हटलं सगळ्यांनी इथेच या, विखुरलात तर धंदा संपला. मला हा माणूस या गोष्टीतला सगळ्यात हुशार वाटतो. कारण त्याला कळलं होतं की एकटा दाबणारा कुठेही गेला तरी उपाशी मरेल, त्याला शेजारी घासणारा लागतो, पलीकडे सोनं चढवणारा लागतो, आणि कोपऱ्यावर एक्सपोर्टवाला लागतो. गावच्या गाव हलवलं तरच चालेल. त्या वसाहतीचं नाव पडलं नॉयगाब्लोन्त्स, म्हणजे नवं गाब्लोन्त्स. सुरुवातीला बंकरमध्येच वर्कशॉप, पण १९५०-६० च्या दशकात त्यांनी परत जगभर माल घातला. आजीच्या डब्यातलं वेस्ट जर्मनीचं कार्ड बहुतेक तिथलं.

इथे व्हेनिसच्या मुरानोशी, म्हणजे तिथल्या काचकामाच्या बेटाशी, तुलना करावीशी वाटते. १७९७ ला नेपोलियनने व्हेनिसचं प्रजासत्ताक बुडवलं, मग कारागिरांचे संघ बरखास्त झाले, मग ऑस्ट्रियाचं राज्य आलं आणि त्यांनी बोहेमियाच्या, म्हणजे गाब्लोन्त्स ज्यात येतं त्या प्रांताच्या, काचेला झुकतं माप दिलं. मुरानो पार झोपलं. पण माणसं बेटावरच राहिली, मण्यांचं काम कसंबसं चालू राहिलं, आणि १८५९ ला साल्व्हियाती नावाच्या वकिलाने कंपनी काढली तेव्हा उठवायला काहीतरी शिल्लक होतं. गाब्लोन्त्समध्ये उलटं झालं, जागा तिथेच राहिली आणि माणसं गेली. म्हणून तिथे एकाची दोन गावं झाली आणि चाळीसेक वर्षं ती एकमेकांची स्पर्धक होती, साचे सारखे, रंग सारखे, फक्त मध्ये काटेरी तारेची सरहद्द.

चेक बाजूला एक गाव या सगळ्यातून बऱ्यापैकी सहीसलामत सुटलं, ते झेलेझ्नी ब्रोद. याब्लोनेत्सपासून फार लांब नाही, पण वस्ती पहिल्यापासून चेक. त्यांना कुणी हाकललं नाही. तिथे १९२० पासून काचेची शाळा आहे. म्हणून दिव्याच्या ज्योतीवर फिरवून केलेले फुलांचे, ठिपक्यांचे मणी आणि बारीक काचेच्या आकृत्या यांची परंपरा तिथे न तुटता चालत आलेली दिसते, दाबलेल्या मण्यांची मात्र मधे तुटून परत जोडल्यासारखी वाटते. १९३० चा दाबलेला मणी आणि १९५२ चा मणी शेजारी ठेवा, फरक डोळ्याला दिसतो, नंतरचे कित्येक मणी भोकाशी बावळट आहेत.

१९४८ च्या फेब्रुवारीत कम्युनिस्ट आले. आधीच माणसं कमी, त्यात आता खाजगी शेड बंद, सगळे सरकारी कंपन्यांत. प्रेसिओसा त्याच वर्षी अशीच बऱ्याच छोट्या कारखान्यांची मोट बांधून झाली. निर्यात एका सरकारी कंपनीच्या हातात, याब्लोनेक्स. काचेचे दागिने म्हणजे भांडवलदारांच्या बायकांची चैन असा सुरुवातीला सूर होता, लोखंड-कोळशाला मान, आणि याब्लोनेत्सच्या आसपास ट्रकचे आणि ब्रेकचे कारखाने वाढले, बऱ्याच हातांना तिकडे वळवलं. पण मग हिशोबाच्या वहीत डॉलर दिसायला लागले. मणी विकून पश्चिमेकडून रोकडा परकी चलन येतंय हे लक्षात आल्यावर चैनीची चीड हळूहळू मावळली. तत्त्व एकीकडे, गल्ला एकीकडे, हे सगळीकडे सारखंच.

याब्लोनेक्सबद्दल जुने व्यापारी दोन्ही तोंडांनी बोलतात. एका बाजूला, सॅम्पल कार्ड म्हणजे सोन्याची पोथी, नंबर सांगितला की वीस वर्षांनी तोच आकार तोच रंग येणार. दुसऱ्या बाजूला, नवीन काही मागा, उत्तर यायला महिने, कारण मध्ये कमिट्या. दाबणाऱ्याने स्वतःच्या डोक्याने नवा आकार काढला तरी त्याला तो विकायला गिऱ्हाईक दिसतच नव्हतं. पूर्वी शंभर निर्यातदार शंभर दिशांनी मागण्या आणायचे, आता एकच खिडकी. कला म्हणून काचेचं मात्र भलं झालं, कारण चित्रकारांवर सरकारची नजर कडक होती पण काच म्हणजे कारागिरी, तिच्याकडे कुणी फारसं बघत नव्हतं. लिबेन्स्की-ब्रिख्तोव्हा या नवरा-बायकोने ओतीव काचेत जे केलं ते त्या फटीतूनच आलं, १९५८ च्या ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात सगळे बघत राहिले.

१९८९ च्या नोव्हेंबरात सरकार पडलं आणि खिडकी फुटली. कागदावर ही आनंदाची गोष्ट. पोरांनी आजोबांच्या शेडची कुलपं काढली, साचे बाहेर आले, अमेरिकेत तेव्हा बायकांना घरी दागिने ओवायचा नाद लागलेला, १९९० चं दशक मस्त गेलं. मी त्या काळात बघितलेले रंग परत कधी बघितले नाहीत. पण सगळे एकाच वेळी मोकळे झाल्याने सगळे एकमेकांचे भाव पाडायला लागले. ज्याला चाळीस वर्षं फक्त दाबायचं माहीत त्याला आता बिल, कस्टम, बँक, गिऱ्हाईकाची उधारी सगळं स्वतः करायचं. बरेच जण बुडाले. मग चीनचा माल आला, चौथाई भावात, सुरुवातीला इतका वाकडा की आम्ही हसायचो, नंतर हसणं बंद झालं. २००८ च्या मंदीनंतर याब्लोनेक्सही आवरलं आणि बारीक मण्यांचं काम प्रेसिओसाकडे गेलं. मंगळसूत्राच्या काळ्या पोतीत आमच्याकडे आज चेक, चायना आणि देशी असे तीन भाव असतात, हातात घेऊन दाखवलं तर गिऱ्हाईकाला फरक कळतो, फोटोवर कळत नाही, आणि आता विक्री फोटोवर होते.

तर मरतात की टिकतात, याचं माझं उत्तर असं की राजवट बदलल्याने मण्याचा धंदा सहसा मरत नाही, त्याची जागा बदलते आणि दर्जा एक पिढी खाली जातो. गाब्लोन्त्स दोनदा मेल्यासारखं झालं आणि दोन्ही वेळा उठलं. ते आत्ता हळूहळू संपतंय ते राजकारणापेक्षा पोरं शेडमध्ये बसायला तयार नाहीत म्हणून. भट्टीच्या तोंडाशी दिवसभर, पाठ वाकलेली, तेवढ्याच पैशात गोदामात नोकरी मिळते, कोण बसेल? युनेस्कोने २०२० ला फुगवलेल्या काचमण्यांच्या ख्रिसमस सजावटीला, चेक रिपब्लिकमधल्या पोनिक्ला गावच्या कामाला, वारसा यादीत घेतलं, २०२३ ला हाताने केलेल्या काचकामाला सहा देशांच्या नावाने घेतलं. चांगलं आहे, पण त्याने पगार वाढत नाही.

आणि राजकारण संपलंय असंही नाही. २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि युरोपात गॅस भडकला. भट्टी रात्री बंद करून सकाळी चालू करता येत नाही, काचेची मोठी भट्टी तापती ठेवावीच लागते, त्यामुळे तिकडचे काचवाले अक्षरशः घायकुतीला आले. काहींनी रंगांची यादी कमी केली, काहींनी भट्टी वर्षातले ठरावीक महिनेच चालवायला घेतली. फिरोझाबादलासुद्धा गॅस हाच दुखरा भाग आहे, ताजमहालासाठी १९९६ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने कोळसा सोडायला लावल्यापासून. माझ्यापुरतं सांगायचं तर मी आता चेक मालात एखादा रंग चालतोय असं दिसलं की पुढच्या दोन सीझनचा एकदमच मागवते, भांडवल अडकतं, पण कांडीचा तोच बॅच परत लागेल याची खात्री तिकडून कुणीच देत नाही.